उतारावरचं मीठ

हे कुणालाही खरं वाटायचं नाही. आणि ज्याला वाटेल त्यानं आधी स्वतःचा ताप मोजून घ्यावा. एमिट स्टूब म्हातारा गोष्ट सुरू करतो ती या वाक्यानं, आणि एकदा सुरू झाला की त्याला गप्प करायची ताकद उत्तर मिनेसोटात फक्त टिल्डाच्या झाडूत आहे.

त्या सकाळी झाडू कोपऱ्यात उभा होता. रात्रभर बर्फ पडून गेलं होतं, रस्ता अजून साफ व्हायचा होता, आणि टिल्डाच्या आमिषाच्या दुकानात अडकलेली माणसं कॉफी पीत बसली होती. मागच्या टाकीत गळाला लावायचे छोटे मासे गोल गोल फिरत होते. ब्रेंट नावाचे एक गृहस्थ खिडकीपाशी येरझारा घालत होते. मागच्याच उन्हाळ्यात शहरातून येऊन त्यांनी तळ्याकाठी घर घेतलं होतं.

"चर्चचा उतार बघा! पांढराफटक!" ब्रेंट म्हणाले. "सगळीकडे रस्ते काळेभोर, आणि इथं आम्ही घसरगुंडी खेळायची? आज दुपारी गावाची बैठक आहे ना? मी सांगणार आहे. त्या बर्फाच्या नांगरवाल्याला मीठ टाकून बर्फ वितळवता येत नसेल तर दुसरा माणूस आणा."

टिल्डानं आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

"बसा, साहेब," एमिट म्हणाला. "बैठकीला वेळ आहे. त्या उतारावर एके काळी इतकं मीठ होतं, की तुम्ही इथं घरच घेतलं नसतंत."

"गप रे एमिट," टिल्डा म्हणाली. "ती गोष्ट नको. हाल्वर येईल इतक्यात."

"येऊ दे की. त्याच्याशिवाय आपला रस्ता कोण उघडणार?"

आणि तो सुरू झाला.

हाल्वर हाउगेन वस्तीचा बर्फाचा नांगर चालवतो. पुढं पोलादी पातं, मागं मीठ भरलेला डबा, त्याखाली गरगर फिरून मीठ उडवणारी चकती. बोलणं कमी. त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा जाताना म्हणाली होती, "मी जाते, हाल्वर," आणि तो म्हणाला होता, "रस्ता निसरडा आहे, जपून जा." मागं राहिली मुलगी, सिग्ने. ती बापाच्या वाट्याचंही बोलायची. वृद्धाश्रमात कामाला होती आणि म्हाताऱ्यांना इतकं हसवायची की एकाची कवळी सूपमध्ये पडली आणि ती दुसऱ्यानंच घातली.

"कुणाची?" ब्रेंटनी विचारलं.

"माझ्या काकाची. मध्ये बोलू नका."

एका डिसेंबरात, ढगाळ दुपारी, सिग्ने कामावरून घरी येत होती. चर्चचा उतार जिथं तळ्याला लागून वळतो तिथं तिची गाडी घसरली, कठडा तोडून खाली गेली. मिटन तळ्यावर बर्फ धरलं होतं, पण नवं होतं, पातळ. गाडी बाहेर काढली. सिग्ने सापडली नाही. त्या वळणाखाली तळं एकदम खोल जातं. वसंतात पाणबुडे आले, हात हलवत परत गेले. चर्चमागं तिच्या नावाचा दगड आहे. त्याच्याखाली कुणी नाही.

हाल्वरनं पोलिसांना दोष दिला नाही, देवाला दिला नाही, गाडीच्या टायरांना दिला नाही. त्यानं एकच गुन्हेगार धरला, उतारावरचं बर्फ. आणि त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं.

दुसऱ्या कुणाची पोर तिथं जाता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. उताराच्या माथ्यावर आला की तो मिठाचा खटका शेवटपर्यंत फिरवायचा. खाली जायचा, वळायचा, वर यायचा, पुन्हा फिरवायचा. इतकी कडाक्याची थंडी असायची की मीठसुद्धा हार मानतं, काही वितळत नाही, तेव्हा तो म्हणायचा, कमी पडलं असेल, आणि दुप्पट टाकायचा. जानेवारीत सगळा मुलूख पांढरा, आणि चर्चचा उतार तेवढा काळा, ओला, वाफाळता. लोक खूश! शेजारच्या वस्तीतली माणसं मुद्दाम आमच्या उतारावरून गाडी न्यायची.

हरणंही खूश होती. कळपच्या कळप रस्ता चाटायला यायचे. एक मूस, हरणांतला हत्तीच तो, तर हाल्वरच्या गाडीचं दार असं चाटून गेला की दारावरचं वस्तीचं नाव पुसलं गेलं, आणि वर तो दुसऱ्या दिवशी उरलेली अक्षरं चाटायला आला.

"काहीतरीच!" ब्रेंट म्हणाले, पण आता ते बसले होते.

"तळ्यातला वॉलआय मासा तव्यावर टाकायचा, तर मीठ लावायची गरज नाही. पोहतानाच मुरलेला असायचा."

"ते खोटं आहे," टिल्डा म्हणाली. "पण वळणावरचे पाइन वृक्ष रस्त्याच्या बाजूनं तांबडे पडले, ते खरं. आणि माझ्या टाकीतले मासे उलटे होऊन तरंगायला लागले, तेही."

उतारावरचं मीठ जाणार कुठं? बर्फ वितळलं की गटारात, गटारातून तळ्यात. खारं पाणी जड. ते बुडालं आणि तळाशी जाऊन बसलं. आता तळं म्हणजे काही नुसतं डबकं नसतं, साहेब. दर वसंतात आणि दर हिवाळ्याच्या तोंडाला ते कूस पालटतं. वरचं खाली, खालचं वर, म्हणजे तळच्यांनाही श्वास मिळतो. आमच्या लहानपणी तो दिवस वासावरून कळायचा. मिटन तळं कूस पालटेनासं झालं. तळाचं पाणी तळाशीच राहिलं, जड, काळं, निपचित. आणि त्या पाण्यात कोण होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ब्रेंटनी मान वळवून खिडकीतून तळ्याकडं पाहिलं.

असे काही हिवाळे गेले, आणि मग एका फेब्रुवारीतली भर दुपार. वादळ असं की गाडीचं पातंसुद्धा दिसेना. हाल्वर उतार उतरून वळणापाशी आला, आणि तिथं कठड्याला टेकून सिग्ने उभी.

त्यानं ब्रेक दाबला नाही. गाडी आपोआप थांबली असं त्याला वाटलं. ती चालत आली, पलीकडचं दार उघडून नेहमीसारखी वर चढून बसली. थंडी अशी होती की थुंकी खाली पडायच्या आत गोठावी. पण तिचे केस ओले होते. नुसते ओले. गोठले नव्हते. बाहीतून पाणी टपकत होतं, आणि पायरीवरच्या बर्फावर जिथं थेंब पडला होता तिथं भोक पडलं होतं. तिच्या पापण्यांवर पांढरं काहीतरी होतं. हाल्वरला वाटलं हिमकण. मग दिसलं की ते वितळत नाहीत.

"पप्पा, तहान लागलीय," ती म्हणाली.

तो घाबरला नाही. बापाला आधी काय सुचतं? त्यानं थर्मासमधली कॉफी टोपणात ओतून पुढं केली. तिनं घोट घेतला आणि थुंकला.

"खारट आहे."

"तू नेहमी अशीच प्यायचीस," तो म्हणाला. आमच्याकडे कॉफीत चिमूटभर मीठ घालतातच, आजोबा-पणजोबांपासून.

"मला पाणी हवंय, पप्पा. साधं पाणी."

मागून कुणीतरी भोंगा वाजवला. त्यानं आरशात पाहिलं, परत वळला तर बाजूची जागा रिकामी, आणि आसनावर ओला डाग. तो वाळला तेव्हा पांढरा झाला.

"एक मिनिट," ब्रेंट म्हणाले. "गाडीत ती दोघंच होती. मग तुला हे कुणी सांगितलं?"

"साहेब, तुम्ही शहरात विमा विकायचात ना? मी तुम्हाला विचारलं का, कुणाच्या घराला आग लागणार ते तुम्हाला आधीच कसं कळायचं?"

माणसं हसली. ब्रेंटही हसले. एमिटनं कप पुढं केला, टिल्डानं तो भरला.

दुसऱ्या दिवशी हाल्वरनं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बरणीत भरून नेलं. त्याच्या विहिरीचं, त्याच्या आजोबांनी खणलेल्या. वळणावर ती होतीच. बरणी दोन्ही हातांनी धरली, तोंडाला लावली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हेही तेच आहे. पप्पा, सगळं तेच का देतोस?"

हाल्वरनं बरणी हिसकावून स्वतःच्या तोंडाला लावली. त्याला काही खारट लागलं नाही. पाण्यासारखं पाणी. तो बरणी घेऊन इथं आला. याच ओट्यापाशी.

"हे चाख," तो टिल्डाला म्हणाला.

टिल्डानं चाखलं. "पाणी आहे. काय झालंय त्याला?"

"खारट आहे?"

"नाही बाई. आपलं नेहमीचं."

अंडी घेऊन आलेल्या पाद्रीबाईंनी चाखलं, आणखी दोघांनी चाखलं. सगळ्यांचं एकच. हाल्वर बरणीकडं बघत राहिला. ती खोटं बोलणारी पोर नव्हती. मग त्याची नजर कॉफीच्या भांड्यावर गेली. शेजारी मिठाची वाटी नव्हती.

"टिल्डा, चिमूट कुठं घालतेस हल्ली?"

"कसली?"

"कॉफीत. मिठाची."

टिल्डाला आठवेना. "घालत नाही बहुतेक. विसरते. पण कुणी तक्रार केली नाही कधी. उलट म्हणतात, टिल्डा, तुझी कॉफी अगदी आजीसारखी झालीय."

असं बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली गेला.

"केव्हापासून?"

"अरे, केव्हापासून म्हणजे... वाटी फुटली ना, सिग्ने गेली त्या हिवाळ्यात..." आणि ती थांबली.

उतारावरचं मीठ जमिनीतून झिरपून विहिरींत उतरलं होतं. सगळ्या गावाची कॉफी विहिरीतूनच खारवून येत होती, आणि सगळं गाव जिभा चाटत म्हणत होतं, वा! दुसऱ्या कुठल्या मुलखात पहिल्याच घोटाला बोंब झाली असती. आम्हाला लहानपणापासून तीच चव लागलेली.

"हे खरं आहे," टिल्डा ब्रेंटना म्हणाली. "बाकीचं एमिटचं. हे माझं. मी त्या दिवशी सगळी कॉफी ओतून दिली, आणि मग लक्षात आलं, नवी करायला पाणीही तेच."

हाल्वर गाडीत जाऊन बसला. आता त्याला कळलं होतं. वळणावर कुणाची पोर पाण्यात जाऊ नये म्हणून त्यानं जे ओतलं होतं, ते सगळं वाहत वाहत त्याच्याच पोरीच्या तोंडाशी गेलं होतं. तिच्यासाठी म्हणून टाकलेली प्रत्येक मूठ.

मग मीठ बंद करायचं! बोलायला सोपं. तो उताराच्या माथ्यावर आला, खटका बंद केला, अर्ध्यात पोचला आणि त्याला नवा कठडा दिसला. हात आपोआप खटक्यावर गेला. मागं चकती गरगरली. खाली वळणावर ती उभी होती. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. तो वर गेला, बंद केलं, उतरला, पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी तो उतारावरून इतक्या वेळा गेला-आला की चर्चमधल्या बायकांना वाटलं नांगरवाला पिऊन आलाय. खाली जिवंत पोरी गाड्या चालवत येणार होत्या. आणि खाली त्याची स्वतःची तहानलेली होती. कुणाकडं पाठ करायची?

शेवटी तो काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, नांगरवाल्यांसाठी भरवलेल्या शिबिराला गेला. पूर्वी दर वर्षी जायचा आणि मागच्या बाकावर झोपायचा. या वेळी पहिल्या रांगेत बसला. एक चमचा मीठ बादलीभर पाणी कायमचं बाटवतं, पुन्हा ते काढता येत नाही, असं शिकवणारी बाई म्हणाली तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि भिंतीला तोंड करून उभा राहिला. मग परत आत आला. आधी खरवडा, मग टाका. पात्यानं निघतं ते मिठानं काढू नका. बर्फ पडायच्या आधी कोरड्या रस्त्यावर मिठाच्या पाण्याची पातळ रेघ मारली तर बर्फ चिकटतच नाही, आणि ढीगभराचं काम मूठभरात होतं. कडाक्यात मीठ टाकणं म्हणजे वाळू फेकल्यासारखंच, मग वाळूच टाका.

मीठ मोजकंच पडावं म्हणून त्यानं चकती आवळली, पात्याला नवी धार बसवली. लोक उठायच्या आधी उतार खरवडायचा, ते निघाले की पुन्हा खरवडायचा. उतार काळा राहिला नाही. पांढरा, दाबलेला, खरखरीत राहिला.

गाव खवळलं. बैठकीत एकजण म्हणाला, "हाल्वर, तुझीच पोर तिथं गेली, आणि तूच आमच्या पोरांना मारायला निघालास?"

हाल्वर उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हाणामारी. तो म्हणाला, "ज्याला भीती वाटते त्यानं माथ्यावर थांबावं. मी पुढं चालतो."

आणि तो चालला, साहेब! सगळा हिवाळा, दर हिवाळा. शाळेची बस माथ्यावर यायची आणि थांबायची. हाल्वरची गाडी पिवळे दिवे लुकलुकवत पुढं, पातं खाली टेकवून, माणूस चालेल त्या वेगानं, आणि मागं बस, बसमागं दूधवाला, त्यामागं पाद्रीबाई. लग्नाच्या वरातीपेक्षा हळू. एकदा तर अंत्ययात्रा अडकली आणि मेलेल्या माणसाचा मुलगा म्हणाला, बाबांना कधीच घाई नव्हती. त्या उतारावर गाडीला वेग नावाची गोष्टच उरली नाही, आणि म्हणून कुणी पुन्हा कठडा तोडला नाही. लोकांनी चांगले टायर घेतले, मागं वाळूची पोती टाकली, शिव्या देत देत हळू चालायला शिकले. फक्त नवी माणसं आली की...

"समजलं," ब्रेंट म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

बाहेर लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. पिवळा उजेड खिडकीवरून फिरून गेला. दार उघडलं, थंडीचा लोट आत आला, आणि हाल्वर हाउगेन बूट आपटत आत शिरला. उंच, वाकलेला, भुवयांवर बर्फ. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. ओट्यापाशी जाऊन कप घेतला.

टिल्डानं एमिटकडं डोळे वटारले. दुसरा कुणी असता तर हवापाण्यावर आला असता. एमिटनं आवाज उलट चढवला.

"आणि मग, साहेब, इतक्या हिवाळ्यांनंतर, यंदा हिवाळ्याच्या तोंडाला, वारा सुटला तेव्हा मिटन तळ्यानं कूस पालटली!"

तळं आधी काळं झालं. मग तळातून असा वास आला की टिल्डानं दुकान बंद केलं, कुत्री भुंकायची थांबली. लाटा किनाऱ्याकडं येत नव्हत्या, उभ्या उठत होत्या, झोपेतला माणूस पांघरुणाखाली वळावा तशा. हाल्वर वळणावर उभा होता. कुजलेली पानं वर आली, कुणाचातरी जुना गळ वर आला. तो बघत राहिला, आणखी काही वर येतंय का. आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. पक्षी उतरले.

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी त्यानं बरणीत छपरावरचं ताजं बर्फ भरलं, गाडीच्या हीटरपाशी ठेवून वितळवलं, आणि वळणावर थांबला. ती आली. केस तसेच ओले. आत येऊन बसली. त्यानं बरणी दिली.

ब्रेंटनी कप खाली ठेवला होता. टिल्डा पाठमोरी होती. हाल्वर कॉफीवर फुंकर घालत होता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालल्यासारखी.

"तिनं बरणी तोंडाला लावली," एमिट हळू आवाजात म्हणाला. "आणि प्यायली. सगळी. एका दमात, लहानपणी प्यायची तशी, गळा हलताना दिसत होता. मग बाहीनं तोंड पुसलं, आणि पापण्यांवरचं पांढरं गळून पडलं. म्हणाली, गोड आहे, पप्पा. आणि साहेब, तिचे केस गोठले! कडकड करत, प्रत्येक केस, जिवंत माणसाचे गोठावेत तसे. ती हसली, उतरली, कठडा ओलांडून गेली. त्यानंतर ती कधीच आली नाही."

ब्रेंटनी नाक शिंकरलं. "मी बैठकीत काही बोलणार नाही," ते म्हणाले.

हाल्वरनं कप रिकामा केला आणि ओट्यावर उपडा ठेवला.

"खोटं," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं टोपी डोक्यावर ओढली, हातमोजे चढवले.

"प्यायली नाही ती. ओठाला लावते आणि परत देते." त्यानं दाराला हात घातला. "आत्ताच विचारून आलोय. पूर्वीपेक्षा खारटपणा कमी आहे म्हणते. पण आहे अजून."